तुम्ही विचारलंत म्हणून: आरएक्सला ब्लोअर का लावत नाही?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे. जुन्या यामाहा आरएक्स हंड्रेड या टू-स्ट्रोक मोटरसायकलवाल्या पोरांची तिथं कायम ये-जा. त्यातलं कुणी ना कुणी विचारतंच, "काका, टू-स्ट्रोकला ब्लोअर टाकला तर पॉवर डबल होईल का ओ? तुम्ही दोन ब्लॉक जोडून काय करत बसलाय?"

ब्लोअर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. त्यानं पॉवर डबल होणार नाही. पेट्रोल होईल.

टू-स्ट्रोकमध्ये ट्रान्सफर (हवा-पेट्रोलचं ताजं मिक्श्चर आत सोडणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, एकाच पिस्टनच्या कडेनं उघडतात. एक्झॉस्ट जरा वर असतो, त्यामुळं तो आधी उघडतो आणि जळका वायू बाहेर पडतो. इथवर ठीक. पण जो आधी उघडला तोच शेवटी मिटणार. रोडच्या गाडीत पिस्टन वरच्या टोकाहून निघाला की क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) साधारण 95 अंश फिरल्यावर एक्झॉस्ट उघडतो, ट्रान्सफर 118 च्या आसपास. परतताना ट्रान्सफर 242 ला मिटतो आणि एक्झॉस्ट 265 ला. मधल्या 23 अंशांत ब्लोअरनं कोंबलेल्या मिक्श्चरला सायलेन्सरची वाट मोकळीच. बुडाची तोटी उघडी ठेवून पिंप भरायचा प्रकार. खरं घोडं पेंड खातं ते इथं.

यावरची एक तोड जर्मनीच्या डीकेडब्ल्यू या मोटरसायकल कंपनीनं 1930 च्या दशकात वापरली. शेजारी-शेजारी दोन बोअर (पिस्टन सरकतो ती पोकळी), वर हेड एकच. एका बोअरला आवकीचे पोर्ट, दुसऱ्याला एक्झॉस्टचे, आणि एक्झॉस्टचा पिस्टन थोडा पुढं पळणारा. मग मिक्श्चर दाबून भरायला वेगळा पंप. 1938 साली एवाल्ड क्लुगेनं आयल ऑफ मॅनची लाइटवेट टीटी ही रेस मारली ती असल्याच 250 सीसीवर. गाडी पेट्रोल मात्र ढोसायची. रोल्स-रॉइसनं विमानासाठी 26 लिटरचं क्रेसी इंजिन केलं, त्यात पोर्ट उघडमीट करायचं काम सरकत्या स्लीव्हला (पिस्टनभोवतीच्या नळीला) दिलं आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं. तेवढ्यात जेट आलं आणि 1945 ला ते काम बंद पडलं.

महायुद्धानंतर मोटरसायकल रेसिंगमध्ये सुपरचार्जरवर, म्हणजे ब्लोअरवरच, बंदी आली. तेव्हा पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेननं एक्झॉस्टच्या नळीचा आकारच असा साधला, की परत फिरलेली दाबाची लाट बाहेर सांडलेलं मिक्श्चर पोर्ट मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. 1961 पर्यंत 125 सीसीतून त्यानं 25 हॉर्सपॉवर काढले, तेही ब्लोअरशिवाय. आपली पोरं आरएक्सला जो चेंबर, म्हणजे फुगीर एक्झॉस्ट नळी, लावतात तो त्याच घराण्यातला. पैसे कमी आणि पॉवर जास्त पाहिजे असेल तर चेंबर लावा आणि गप घरी जावा, हे मी तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

पण चेंबर ठरावीक आरपीएमलाच वाजतो. खाली इंजिन मेलेलं. मला खालून ओढणारं टू-स्ट्रोक पाहिजे, म्हणून डीकेडब्ल्यूसारखी दोन बोअर आणि ब्लोअरची ही खटपट.

आरएक्सचा बोअर 50 आणि स्ट्रोकही 50 मिलीमीटर. दोन क्रँककेस शेजारी बसवून गिअरनं जोडल्यात. हेडचा पॅटर्न आपल्याच गल्लीत झाला, कास्टिंग फौंड्रीतून आणलं. दोन्ही ब्लॉकना कोरे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ठोकून पोर्ट नव्यानं कोरले. एक्झॉस्टचा पोर्ट खाली घेतला, त्याच्या स्वतःच्या पिस्टनच्या 110 अंशांवर, आणि तो पिस्टन 25 अंश पुढं ठेवला. म्हणजे आवकीच्या पिस्टनच्या हिशेबानं एक्झॉस्ट 85 ला उघडतो आणि 225 ला मिटतो. आवक 118 ला उघडून 242 ला मिटते. शेवटचे 17 अंश फक्त भरायचे. या सतरा अंशांसाठी सगळा खर्च. डिग्रीची तबकडी क्रँकला लावून, पोर्टच्या कडेला फीलरची पातळ पट्टी धरून ते तपासताना बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस रिकामा आहे.

दोन बोअर मिळून 196 सीसी. ब्लोअर एका फेऱ्याला 300 सीसी हवा ढकलणारा, छोट्या जपानी गाडीचा रूट्स जातीचा. क्रँकच्याच वेगानं फिरवला तरी दीडपट हवा. क्रँककेसमधनं आता मिक्श्चर जात नाही, म्हणून बेअरिंगांना आणि बोअरना तेल वेगळं द्यावं लागतं. चांगलंच झालं, धूर तरी हाताबाहेर जात नाही.

अडलंय ते एक्झॉस्टच्या पिस्टनवर. आवकीचा पिस्टन दर फेऱ्याला ताज्या मिक्श्चरनं निवतो. याच्या डोक्यावरनं मात्र फक्त जळकं जातं. हेड उघडलं की फरक दिसतो: एकाचा माथा ओलसर काळा, दुसऱ्याचा कोरडा आणि पांढरट, पोर्टच्या बाजूच्या स्कर्टवर उभे ओरखडे. जरा ताणलं की तोच बोअरमध्ये जाम होतो. म्हणून त्याचं क्लिअरन्स वाढवलंय आणि एक्झॉस्ट पोर्टच्या मधल्या पट्टीसमोर स्कर्टला बारीक भोकं पाडून तेल तिथंच पोचवतोय. पट्टीही मधोमध हलकी घासून घेतली, कारण तापली की ती बोअरमध्ये फुगते.

हे टिकलं तर कार्बुरेटर काढून, एक्झॉस्ट मिटल्यावर पेट्रोल सोडणारा इंजेक्टर बसवायचाय. तोवर ब्लोअर विकत घेऊन माझ्याकडं येऊ नका. आधी आपल्या ब्लॉकचा एक्झॉस्ट किती अंशांना मिटतो ते मोजून आणा, मग चहा पीत बोलू.