वाए रेबो: कॉफी वर, शाळा खाली

फोटोत हे गाव फार सोपं दिसतं. डोंगरांच्या वाटीत सात उपड्या टोपल्या, मधे हिरवळ, वर ढग. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो. गेल्या जुलैत मी आणि माझी मावसबहीण तिथे एक रात्र राहिलो, त्याला कारण हाच फोटो. या गावाचा अर्धा संसार डोंगराच्या पायथ्याशी असतो, हे मात्र फोटोत कुठेच दिसत नाही.

लाबुआन बाजोच्या विमानतळावर उतरलेले जवळजवळ सगळे कोमोडोच्या अजस्र घोरपडी पाहायला बोटीकडे पळाले. आम्ही गाडी करून उलट्या दिशेला निघालो. चार-पाच तासांचा वळणावळणांचा रस्ता. लेंबोरची भातखाचरं, मग डिंटोरजवळ एकदम समुद्र आणि त्यात बसलेलं मुलेस बेट. तिथून रस्ता चढत चढत डेंगे गावात येतो आणि संपतो.

इकडे फिरताना भाषेची गंमत वाटत राहते. गावाला ‘देसा’ म्हणतात आणि सरपंचाला ‘केपाला देसा’, म्हणजे आपलाच कपाळ आणि आपलाच देश. बुटांना ‘सपातू’, कपाटाला ‘लेमारी’. आजी ज्यांना सपाता म्हणायची त्या आणि आपली अलमारी, दोन्ही पोर्तुगीजांनी इथेही टाकून दिलेल्या. बेटाचं नावही त्यांचंच, फुलांवरून ठेवलेलं. या भागातला पोर्तुगीजांचा कारभार बराच काळ गोव्याच्या हाताखाली चालायचा, त्यामुळे चर्चला ‘गेरेजा’ म्हणताना ऐकलं की इगर्ज आठवतेच. घोटाळा झाला तो एका शब्दापाशी. इथे थोरल्या बाईला आदरानं ‘मामा’ म्हणतात. डेंगेत चहा देणाऱ्या बाईंना मी पहिल्यांदा मामा म्हटलं तेव्हा मावसबहिणीला हसू आवरेना.

डेंगेपासून मोटरसायकलवाले, म्हणजे इथले ‘ओजेक’, जिथवर रस्ता आहे तिथवर नेतात. पुढे पायीच. पावसाळ्यात जळवा असतात म्हणे. आम्हाला भेटल्या नाहीत. झाडी मात्र दाट, आंबोलीच्या जंगलाची आठवण यावी अशी. आम्ही धापा टाकत असताना डोक्यावर पोतं घेतलेल्या दोन बाया समोरून उतरत आल्या, ‘पागी’ म्हणजे सुप्रभात म्हणाल्या आणि तशाच पुढे गेल्या. पोत्यात कॉफी होती. गावात जे पिकतं ते याच वाटेनं खाली जातं आणि मीठ, तेल, सिमेंट, गॅसची टाकी याच वाटेनं वर येते.

शेवटच्या निवाऱ्यापाशी वाटाड्यानं टांगलेला बांबू वाजवला. पाहुणे येताहेत, ही वर्दी. तिथून गाव खाली दिसतं, पण वर्दी पोचली म्हणून थेट फिरायला मोकळीक नाही. आधी मुख्य घरात जायचं. एक वृद्ध गृहस्थ मांडी घालून बसले होते. मांगराई या इथल्या भाषेत त्यांनी पूर्वजांना आमच्याबद्दल काहीतरी सांगितलं, आम्ही लहानशी दक्षिणा ठेवली. याला ‘वाएलू’ म्हणतात. ते होईपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. लोक इथले बहुतेक कॅथलिक, पण पूर्वजांना विचारल्याशिवाय पाहुणा घरात घेत नाहीत. आपल्याकडे ग्रामदेवतेला कौल लावणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

घराला ‘म्बारू निआंग’ म्हणतात. छप्पर जमिनीपर्यंत उतरलेलं, त्यामुळे बाहेरून भिंत दिसतच नाही. उंची साधारण पंधरा मीटर. खिळा नाही, सगळं वेतानं बांधलेलं, वर गवत आणि माडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंची शाकारणी. आत पाच मजले. तळाला माणसं, त्याच्यावर रोजच्या धान्याचा आणि सामानाचा माळा, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेलं धान्य आणि अगदी शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. मला तो चौथा मजला फार आवडला. घर बांधतानाच वाईट वर्षाची जागा काढून ठेवायची! आमच्या गावच्या घरातली बळद आठवली.

मधल्या चुलीचा धूर वर चढतो आणि लाकूड, शाकारणी, वेत सगळं किडीपासून वाचवतो. म्हणजे घरात माणसं राहून चूल पेटली तरच घर टिकणार. 2008च्या सुमाराला सातांपैकी चारच घरं शिल्लक होती. जकार्ताचे वास्तुरचनाकार यॉरी अंतार आणि त्यांचे सहकारी त्या वेळी इथे आले, त्यांच्या खटपटीतून पैसा उभा राहिला, आणि गावकऱ्यांनी जुन्या जाणत्यांना विचारत स्वतः घरं बांधली. 2012 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांतला सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. मला पुरस्कारापेक्षा हे मोठं वाटलं, की त्या निमित्तानं तरुण पोरं ही बांधणी शिकली.

दुपारभर आम्ही कॉफीच्या मागे होतो. अंगणात चटयांवर बिया वाळत होत्या. दोन बाया उभ्या लाकडी उखळात मुसळानं आळीपाळीनं कांडत होत्या, ठेका असा की एकीचंही मुसळ दुसरीच्या मुसळाला लागत नव्हतं. मग सुपानं पाखडणं. मी सूप मागून घेतलं. लहानपणी आईनं शिकवलेलं हात विसरले नव्हते. टरफलं उडाली, बिया राहिल्या. तोवर आम्ही फक्त फोटो काढणाऱ्या बाया होतो, त्यानंतर जरा माणसांत आलो. उदमांजराच्या विष्ठेतून निघणारी ती महागडी कॉफी इथे मिळते का, असं मावसबहिणीनं विचारलं. वाटाड्या म्हणाला, उदमांजर आमच्या पूर्वजांचं उपकारकर्तं, आम्ही त्याचं मांस खात नाही. कॉफीचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

रात्री पाहुण्यांच्या घरात गोल मांडलेल्या गाद्या, भात, अंडं, भोपळ्याच्या वेलीच्या पानांची भाजी आणि झणझणीत सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. स्वयंपाक गावातल्या बाया पाळीपाळीनं करतात. जनरेटर काही तास चालला, मग बंद. त्या अंधारात मी दिवसभर डोक्यात असलेला प्रश्न विचारला: शाळेच्या वयाची पोरं दिसली नाहीत, ती कुठे आहेत?

खाली, पायथ्याच्या कोम्बो गावात. शाळा तिथे आहे. पोरं तिथे राहतात, मग आई किंवा आजी सोबत लागते, मग खालीही एक घर लागतं. वर कॉफी, पूर्वज आणि पाहुणे. खाली शाळा आणि बाजार. नोव्हेंबरात ‘पेंती’चा सण आला की सगळे वर जमतात, ढोल निघतात, चाबकांचा ‘चाची’ खेळ होतो.

हे ऐकताना मला आमच्याकडचे सह्याद्रीतले धनगरवाडे दिसत होते. शाळा खाली, दवाखाना खाली, म्हणून एकेक घर उतरत गेलं. आता वर जत्रेपुरतं देऊळ उघडतं. वाए रेबोत असं का झालं नाही? कॉफीला पैसा मिळतो, आमच्यासारखे पाहुणे येतात, हे खरंच. पण ते घर एका कुटुंबाचं नसतं, हेही असावं. मोठ्या घरात आठ कुटुंबांच्या खोल्या, बाकीच्यांत सहा-सहा. एखादं कुटुंब खाली गेलं तरी दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटलेली राहते. सगळ्यांनी मिळून कुलूप लावल्याशिवाय ते घर बंद होऊ शकत नाही.

सकाळी ढग इतके खाली उतरले होते की समोरचं घर दिसेना, फक्त छपरांतून झिरपणारा धूर दिसत होता. किलोभर कॉफी घेऊन आम्ही निघालो.

शनिवार होता. अर्ध्या वाटेवर दोन पोरं वर चढताना भेटली, गणवेशातच. एकाच्या हातात चपला, दुसऱ्याच्या पाठीवर तांदळाची पिशवी. दम कुणालाच लागला नव्हता. आम्हाला पाहून त्यांतल्या थोरल्यानं विचारलं, ‘पुलांग, मामा?’ पुलांग म्हणजे घरी परतणं. मी हो म्हटलं आणि तोच प्रश्न त्यांना केला.

दोघांनी वर बोट दाखवलं.