आमरसाचा नाताळ

आमच्या जालन्यात डिसेंबर म्हणलं की स्वेटर, शेकोटी आणि रानातला हुरडा. नाताळसुद्धा थंडीतलाच. जालन्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, त्यामुळं घराबाहेर लागलेल्या कागदी चांदण्या, मैत्रिणीकडचा फराळ हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. पण भर उन्हात नाताळ कसा असतो ते मात्र यंदा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ताईकडं गेले तेव्हाच कळलं.

तिकडं डिसेंबरात उन्हाळा लागतो. उत्तरेकडनं, आतल्या कोरड्या वाळवंटी भागातनं वारा सुटला की आपल्या मे महिन्यातल्या झळाच जणू, आणि संध्याकाळी वारा फिरला की अर्ध्या तासात एकदम गार, ताई म्हणाली स्वेटर पिशवीत असू दे आणि तिचंच खरं झालं. बर्क स्ट्रीटवर मायर नावाचं मोठं दुकान आहे, त्याच्या काचेच्या खिडक्यांत दर नाताळला हलत्या बाहुल्यांची गोष्ट मांडतात, १९५६ला तिथं ऑलिंपिक झालं त्या वर्षापासून. टोप्या घातलेली, नाकाला सनस्क्रीन फासलेली लेकरं रांगेत उभी, फार गोड दिसत होती!

मला मनापासून आवडलं ते २४ तारखेच्या रात्रीचं कॅरल्स बाय कँडललाइट, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात नाताळची गाणी. सिडनी मायर म्युझिक बाऊल म्हणून उघडं मैदान आहे, लोक चटया, डबे, म्हातारी माणसं, तान्ही बाळं सगळं घेऊन हिरवळीवर बसलेले. सूर्य मावळतो पावणेनऊला, त्यामुळं मेणबत्त्यांचा उजेड दिसायला बराच वेळ लागतो, तोवर गाणी सुरूच. हे सुरू कसं झालं ते दाजींनी सांगितलं. नॉर्मन बँक्स नावाचे रेडिओवर बोलणारे गृहस्थ १९३७च्या नाताळच्या आदल्या रात्री काम संपवून घरी चालले होते, वाटेत एका खिडकीत एकटी म्हातारी बाई मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरची कॅरल्स ऐकत, सोबत गात बसलेली दिसली. नाताळला असं एकटं कुणीच राहू नये म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी, १९३८ला, सगळ्यांना बागेत गायला बोलावलं. आता यातून जमलेला पैसा न दिसणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्या लेकरांसाठी जातो. मला आमची आजी आठवली, तिला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, पहाटे आकाशवाणीवर अभंग लागले की एकटीच हळू आवाजात म्हणायची, आम्ही सगळे झोपलेलो असायचो. त्या मैदानात मला एकही गाणं पाठ नव्हतं तरी शेजारच्या बाईंनी आपलं पुस्तक मध्ये धरलं आणि मी गायले, अगदी मोकळ्या आवाजात.

२५ला दुकानं जवळजवळ सगळी बंद, रस्ते रिकामे. लोक परसात नाहीतर समुद्रावर जेवतात, गार कोळंबी, चेरी आणि पाव्हलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत केक, वर मलई आणि फळं. आणि तिकडं आंब्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो! मग ताईनं आमरस-पुरी केली, शेजारच्या आजी पाव्हलोवा घेऊन आल्या आणि आमरस दोनदा मागून खाल्ला. आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती शाल पांघरून बसलेली, वाटी बघून म्हणते, "आत्ता कुठला गं आंबा?"