झॅबिक्सची नोंद: प्रत्येक डिव्हाइसला वेगळं पोलिंग

झॅबिक्स ७.० (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवल्यापासून घरच्या लॅबमधलं पोलिंग, म्हणजे डिव्हाइसकडून ठरावीक वेळाने आकडे मागवणं, नव्याने लावतोय. आधी सगळ्यांना एकच पाच मिनिटांचा इंटरव्हल होता. आता डिव्हाइसला काय जमतं ते बघून पद्धत ठरवतो.

राउटर आणि नास (नेटवर्कवरची साठवण) पटकन उरकले. दोन्हींना एसएनएमपी (डिव्हाइसला आकडे विचारायचा प्रोटोकॉल) व्ही३ येतं. सुटे ओआयडी (एकेका आकड्याचे पत्ते) काढून एकच वॉक आयटम (सगळे आकडे एकदम आणणारा) ठेवला, प्रत्येक पोर्टचे आकडे डिपेंडंट आयटम त्यातूनच उचलतात. गेटबल्कमुळे एका विनंतीत बऱ्याच ओळी येतात. शिवाय नवा एसएनएमपी पोलर असिंक्रोनस आहे, त्यामुळे एखादं डिव्हाइस रेंगाळलं तरी बाकीची खोळंबत नाहीत. ही सुधारणा मला फार आवडली.

खरा वेळ गेला जुन्या गिगाबिट स्विचवर. त्याला फक्त व्ही१ येतं. व्ही१मध्ये गेटबल्क नाही, आणि मोठी अडचण म्हणजे पोर्टवरचे बाइट्स मोजणारे ६४ बिटी काउंटरही नाहीत. ३२ बिटी काउंटर सुमारे ४२९ कोटी बाइट्सना भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. गिगाबिट पोर्ट पूर्ण वेगाने चालला तर हे दर ३४ सेकंदांनी होतं, म्हणजे पाच मिनिटांत आठ वेळा! 'चेंज पर सेकंड' (दोन आकड्यांतल्या फरकावरून सेकंदाचा दर काढणं) लावलं असेल तर नवा आकडा आधीच्यापेक्षा लहान आल्यावर झॅबिक्स तो फरक टाकून देतं. ग्राफमध्ये खंड पडतो, पण निदान तो दिसतो. काउंटर फिरून आधीच्या आकड्याच्याही पुढे गेला असेल, तर मात्र खूप कमी ट्रॅफिक नोंदवलं जातं आणि संशयही येत नाही. रात्रीच्या बॅकअपचा ग्राफ इतका सपाट का, याचं उत्तर इथे मिळालं.

म्हणून नासचा पोर्ट आणि अपलिंक यांना १५ सेकंद दिले. काउंटर फिरतो तेव्हा एक नमुना गळतो, उरलेले खरे असतात. बाकीचे पोर्ट १०० एमबीपीएसवरच चालतात, तिथे काउंटर भरायला ३४३ सेकंद लागतात. त्यांना एक मिनिट भरपूर झालं. सगळ्याच पोर्टना १५ सेकंद लावून त्या बिचाऱ्या सीपीयूला दमवण्यात अर्थ नाही.

डिव्हाइस जिवंत आहे का, हे सगळीकडे वेगळ्या पिंग आयटमनेच बघतो. लिंक पडल्याचा ट्रॅप (डिव्हाइसने स्वतःहून पाठवलेला संदेश) १६२ पोर्टवर लगेच येतो, पण ट्रॅपला पोचपावती नसते. तो वाटेत हरवला तर कळणार नाही, म्हणून पोर्टची स्थिती पोलही करतो.

पुढचं काम यूपीएस. त्याला नेटवर्क कार्ड नाही, फक्त यूएसबी. नट या यूपीएसशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरकडून बॅटरीची स्थिती घेऊन ती झॅबिक्स एजंटच्या यूजर पॅरामीटरमधून (आपण ठरवलेली कमांड) आणायचा विचार आहे.