जुनं ठाणं, रात्री आठनंतर

ठाण्यात उभं आयुष्य काढलेली माणसंही जुनं ठाणं पाहायला म्हणून कधी बाहेर पडत नाहीत. दिवसा तिथे पाहणार तरी काय? स्टेशनपासून टेंभी नाक्यापर्यंत रिक्षा, टीएमटीच्या बसेस, हातगाड्या आणि माणसं. नऊच्या सुमारास दुकानांची शटरं खाली यायला लागली की वरचे मजले दिसू लागतात: लाकडी कठड्याचे सज्जे, कौलं, पाटीवरचं जुनं अक्षर. म्हणून आम्ही तिघं (मी, माझी बहीण आणि मेहुणे) मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी रात्री निघालो. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला (मासुंदा तलावाच्या काठी) उभं राहायला जागा नसते, तो दिवस टाळाच.

सुरुवात ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावून इथेच थांबली. जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत कौपिनेश्वराला या. देऊळ बंद व्हायच्या आत पोचा, कारण गाभाऱ्यातली भली मोठी पिंड पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांच्या अमलात, 1760 च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला.

बाहेर पडलात की मासुंदा तलाव. पाण्यावर दिवे हलत असतात, भेळवाले आणि गोळेवाले उशिरापर्यंत असतात. गडकरी रंगायतनला प्रयोग असेल तर मध्यंतरात बाहेर आलेली मंडळी पहिल्या अंकावर भांडताना ऐकायला मिळतात. तलावाजवळच पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. तिथून टेंभी नाक्याला आलात की बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजाचं 1879 चं सिनेगॉग, शआर हाशामाईम. रात्री दोन्ही ठिकाणी फाटकाबाहेरूनच पाहायचं. पण देऊळ, चर्च आणि सिनेगॉग एवढ्या थोड्या अंतरात, तेही रोजच्या वस्तीच्या मधोमध, हे चालत गेल्यावरच कळतं.

तिथून पुढे कारागृहाची भिंत. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. याच भिंतीआड 19 एप्रिल 1910 रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. फोटो काढू नका, रेंगाळू नका. आम्ही तिघंही तिथून न बोलता मागे वळलो.

आता परमिट रूम, म्हणजे परवान्यावर चालणारा दारूचा बार. माझ्या मते हीही जुन्या ठाण्याचीच वास्तू. 1949 च्या दारूबंदी कायद्यातून आलेला परवाना पिणाऱ्याला आजही कागदोपत्री लागतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा 5 रुपयांना मिळतो. वागळे इस्टेटच्या कारखान्यांची पाळी सुटल्यावर घरी जाण्याआधी टेकायची ही जागा होती, आणि स्टेशन ते नौपाड्याच्या पट्ट्यात अशा जुन्या खोल्या अजून टिकून आहेत. आम्ही बसलो तिथे गल्ल्यावर हार घातलेला गणपती, त्याच्यावर लाल झिरोचा बल्ब. सनमायकाच्या टेबलावर बसतो न बसतो तोच वेटरने न सांगता चखणा ठेवला: उकडलेले चणे, वर बारीक कांदा, मिरची, लिंबू पिळलेलं. मेहुण्यांनी क्वार्टर मागवली तर त्याने सीलबंद बाटली आधी त्यांच्यापुढे धरली, त्यांनी मान हलवल्यावरच झाकण फिरवलं. मागोमाग आलेले बोंबील रव्यात नाही, तांदळाच्या पिठात तळलेले होते. काटा जिभेला लागत नव्हता. चेंदणी कोळीवाडा हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात मासळीची पारख असणारच, आणि ती ताटात दिसली.

बायका बरोबर असतील तर आत शिरतानाच ‘फॅमिली सेक्शन’ विचारा. बहिणीला तिथे अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. एसी आणि साध्या भागाचे दर वेगळे असतात, मेनूकार्ड दोन्हीकडचं पाहा. दारूवर व्हॅट वेगळा लागतो. बीअर आणि वाइनला 21 वर्षं, बाकीला 25 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. ड्राय डे आहे का ते निघण्याआधी बघा. आणि दारू न पिणाऱ्यांनीही यावं. माझ्यापुढे लिंबू सोडाच होता आणि कुणी भुवई उंचावली नाही.

गाडी आणूच नका. पार्किंग मिळत नाही आणि परतताना नाकाबंदी असते. शेवटच्या लोकलची वेळ आधीच पाहून ठेवा. ती चुकली तर रिक्षा मिळते, पण बारा ते पाच मीटरवर सव्वापट भाडं द्यावं लागतं. आम्ही लोकल गाठली, स्टेशनबाहेर उभ्या उभ्या अंडा भुर्जी पाव खाऊन.