लास वेगासला पत्ते मोजायला जाताय? बसण्याआधी टेबलावरचं कापड वाचा

ब्लॅकजॅकमध्ये निघालेले पत्ते मोजायची हाय-लो पद्धत पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या पत्त्यांवर काय खेळायचं याचा ठरलेला तक्ता) चुकत नाही आणि अख्खा कॅट अर्ध्या मिनिटात मोजून होतो, असं धरून लिहितोय. एवढी तयारी नसेल तर तिकीट काढू नका.

चार दिवसांत साधारण वीस तास खेळलो आणि 640 डॉलर घालवून आलो. त्याचं वाईट वाटत नाही. डावाला 15 ते 120 डॉलर लावत वीस तास खेळलं की नशीब दीड-दोन हजार इकडे किंवा तिकडे सहज नेतं, हा हिशेब मांडूनच गेलो होतो. चीड आहे ती पहिल्या संध्याकाळची.

स्ट्रिपवर, म्हणजे वेगासच्या बड्या कसिनोंच्या रस्त्यावर, दोन कॅटचं टेबल दिसलं की डोळे मिटून बसायचं, असं मला सांगितलं होतं. दिसलं, बसलो. टेबल भरलेलं, डाव संथ, चाळीस मिनिटं एकही ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) नाही. मग दुर्‍या, पंज्या, छक्क्या भराभर निघून गेल्या, उरलेल्यात मोठे पत्ते जास्त राहिले आणि ट्रू काउंट (चालू मोजणी भागिले उरलेले कॅट) +4 झाला. मी 100 डॉलर लावले आणि एक्का-राजा आला! डीलरने 120 डॉलर पुढे सरकवले. नेहमीच्या 3:2 ने, म्हणजे दोनाला तीन, 150 हवे होते. विचारल्यावर तिने शांतपणे कापडावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं: ब्लॅकजॅकला 6:5.

तीस डॉलर गेले हे सोडा, त्यामागचं गणित बघा. चांगले नियम आणि बेसिक स्ट्रॅटेजी असेल तर कसिनोची आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. 3:2 चं 6:5 केलं की त्यात जवळजवळ 1.4 टक्क्यांची भर पडते. ट्रू काउंट एकाने वाढला की साधारण अर्धा टक्का आपल्याकडे येतो. म्हणजे 3:2 च्या टेबलावर +1 ला बरोबरी होते, तर 6:5 ला ती व्हायलाच +4 लागतो. मी ज्या क्षणाची चाळीस मिनिटं वाट पाहिली, त्या क्षणी मी जेमतेम बरोबरीला आलो होतो. तिथे मोजण्यात काही अर्थच नाही. कॅट एक असो वा दोन, 6:5 दिसलं की उठा.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी 1962 साली मोजणीची पद्धत छापून जाहीर केली. तिच्या धास्तीने वेगासच्या कसिनोंनी 1964 मध्ये नियम आवळले, खेळाडू टेबलं सोडून गेले आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. 6:5 आलं तेव्हा मात्र लोक बसून राहिले. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावरच्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसरा आणि तिसरा दिवस जुन्या वेगासमधल्या फ्रीमाँट स्ट्रीटच्या बाजूला सहा कॅटच्या 3:2 टेबलांवर नीट गेले. स्ट्रिपवरही 3:2 आहे, पण बहुतेक ठिकाणी किमान रक्कम जास्त. नवा शू (पत्ते वाटायची पेटी) सुरू होताना कट कार्ड, म्हणजे वाटप कुठे थांबवायचं ते दाखवणारं कार्ड, कुठे पडतंय ते बघा. सहापैकी दीड कॅटपेक्षा जास्त पत्ते मागे ठेवत असतील तर ते टेबल सोडा, नियम कितीही गोड असले तरी. आणि वापरलेले पत्ते लगेच परत पिसणारं यंत्र असेल तर तिथे मोजायला काही उरतच नाही.

रात्री एकनंतर खेळू नका, हे माझं ठाम मत. तिसर्‍या रात्री दोन वाजता रनिंग काउंट (भागाकाराआधीची चालू मोजणी) +9 की +6 हेच आठवेना, तरी मी मोठी रक्कम लावली. 640 पैकी बराच भाग त्या तासाभरातला.

चौथ्या दिवशी ट्रू काउंट +5 आला, दोन हातांवर 120-120 लावले आणि दोन्ही जिंकलो. अंगावर काटा आला! पुढच्या शूला पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) शेजारी उभा राहिला: बाकी कुठलाही खेळ खेळा, इथे ब्लॅकजॅक नको. डोक्यात मोजणं हा गुन्हा नाही, पण नेवाडात कसिनोला तुम्हाला थांबवता येतं. न्यू जर्सीत पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या 1982 च्या खटल्यानंतर निव्वळ मोजता म्हणून बाहेर काढता येत नाही. तिथे मग मध्येच पत्ते पिसतात किंवा रकमेवर मर्यादा घालतात. वाद घालू नका. मोजायला यंत्र किंवा फोन वापरू नका, नेवाडात तो गंभीर गुन्हा आहे. चिप्स उचला, खिडकीवर रोख करा आणि बाहेर पडा. पुन्हा पाऊल टाकू नका असं सांगितलं असेल तर त्या इमारतीत परत जाऊ नका, नाहीतर अतिक्रमणाचा गुन्हा लागतो.