गेटच्या बाहेरचा टोमॅटो

एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसात आकडे गोळा करायची धावपळ सुरू होते. मी एका फूड कंपनीत सस्टेनेबिलिटीचं काम बघते, ऑफिस अंधेरीला, फॅक्टरी लांब, आणि माल बहुतेक नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातला टोमॅटो. वर्षभराची लाईटबिलं, डिझेलच्या पावत्या, बॉयलरचं इंधन, पाण्याचं मीटर, सगळं जमवायचं, त्यातून किती कार्बन हवेत गेला याचा हिशोब काढायचा आणि बीआरएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या वार्षिक रिपोर्टच्या, रकान्यांत भरायचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना हा रिपोर्ट कम्पल्सरी केलाय आणि मला ते मनापासून पटतं, कारण नुसतं आम्ही पर्यावरण जपतो असं लिहून आता भागत नाही, आकडा द्यावा लागतो.

पण त्यातलीच एक गोष्ट मला दोन वर्षं छळतेय. स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, हे दोन्ही सांगावेच लागतात. स्कोप ३ म्हणजे माल पिकताना, येताना, विकला जाताना जे हवेत गेलं ते, आणि ते सांगितलं तर उत्तम, नाही सांगितलं तरी चालतं. आता सिमेंटवाल्यांचा बराचसा धूर त्यांच्याच भट्टीतून निघतो, तो लपत नाही. शेतमालावर चालणाऱ्या धंद्याचा मोठा हिस्सा रानात असतो, गेटच्या बाहेर. आमचा रिपोर्ट जिथे सुरू होतो तिथे टोमॅटोची अर्धी कहाणी होऊन गेलेली असते.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं, मामा टोमॅटो करतात. मागच्या वर्षी त्यांना फोन करून विचारलं, मामा, एकराला युरियाच्या किती गोण्या जातात. म्हणाले, "बेसलला सुफला, मग युरिया तीन गोण्या धर, मग ड्रिपमधनं एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ठ, नंतर तेरा-झिरो-पंचेचाळीस. तुला नेमकं काय पायजे?" ही सगळी वेगवेगळ्या खतांची नावं, पण मला फक्त युरिया पाहिजे होता, कारण त्याचा हिशोब कागदावर करता येतो.

युरियाची गोणी आता ४५ किलोची, त्यात नायट्रोजन ४६ टक्के म्हणजे साधारण २१ किलो. यातला सगळा काही झाडाला लागत नाही, काही पाण्याबरोबर खाली जातो, काही उडून जातो आणि जमिनीतले जीवाणू थोड्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीची ढोबळ सरासरी धरली तर नायट्रोजनचा १ टक्का. ऐकायला काहीच नाही, पण हा वायू १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवतो, म्हणून एका गोणीमागे जवळजवळ ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. शिवाय युरिया बनवताना कारखान्यात त्यात जो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो तो मातीत पडल्यावर परत सुटतो, ते आणखी ३३ किलो. एक गोणी १२० किलोच्या वर, म्हणजे साधारण ४५ लिटर डिझेल जाळल्यासारखं, आणि यात युरिया बनवताना कारखान्यात लागणारा गॅस धरलेलाच नाही. जमीन, ओल, खत द्यायची पद्धत यावर हे पुष्कळ खालीवर होतं, पण अंदाज येतो.

मी राहते चेंबूरला, आरसीएफ या खत कारखान्याच्या चिमण्या रोज बघते, सुफला आणि युरिया इथेच बनतो, लहानपणापासून नाव पाठ. पण त्या गोणीचा शेवट मामांच्या रानात होतो आणि तिथून तो आमच्या केचपच्या बाटलीत येतो, हे मी तो हिशोब करेपर्यंत खरंच कधी जोडलं नव्हतं.

आता तुलना बघा. आमच्या मजल्यावरचे सगळे दिवे एलईडी केले, वर्षाला ६,००० युनिट वाचले, युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं तर ४.२ टन. त्याचा रिपोर्टमध्ये फोटोसकट उल्लेख आहे. मामांच्या हिशोबाने हा फक्त १२ एकरांचा फक्त युरिया झाला आणि आम्ही शेकडो एकरांचा माल घेतो. दिवे बदलायलाच पाहिजे होते, त्याबद्दल वाद नाही.

मग आम्ही शेतकऱ्यांकडून माहिती मागवली. ४० प्रश्नांचा फॉर्म, मोबाईल अॅपवर, तोही तोडणीच्या ऐन धांदलीत. फॉर्म आले तेव्हा एका गावातल्या सगळ्यांची उत्तरं तंतोतंत सारखी. फील्ड ऑफिसरला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, एका माणसाला अर्धा तास लागतो, माझ्याकडे दीडशे जण आहेत. त्याचं काय चुकलं? फॉर्म आम्ही बनवला होता, एसीत बसून. त्यात मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरतात ते प्लास्टिक, कुठे जातो हा प्रश्नच नव्हता, आणि तो फाटलेला पेपर हंगाम संपला की बांधावर जाळतात हे गावात कुणीही सांगेल.

आणि टाकून दिलेला माल? एकदा फॅक्टरीचं मशीन बंद पडलं, दोन दिवस गाड्या गेटवर उभ्या, कॅरेटमधला माल पाणी सोडायला लागला आणि शेवटी परत पाठवला. आमच्या रिपोर्टमध्ये तो कुठेच नाही कारण वजनकाट्यावर चढलाच नाही. पण त्या प्रत्येक टोमॅटोत खत, पंपाची वीज, पिकअपचं डिझेल सगळं खर्च झालेलं होतं. ठरलेला माल ठरल्या दिवशी घेणं हे मला सोलर पॅनलइतकंच मोठं क्लायमेटचं काम वाटतं, आणि हे मी मीटिंगमध्ये दोनदा बोललेय.

युरिया कमी करता येतो. माती तपासून, ड्रिपमधून थोडं थोडं देऊन, शेणखत वाढवून. मामांना हे सगळं माहितीये. पण गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर राहिला की फुलगळ होते, अशा वेळी खत कमी करून पीक बसलं तर नुकसान कुणाचं? फक्त त्यांचं. आम्ही किलोला चार पैसे जास्त देत नाही, पहिल्या वर्षाची जोखीम वाटून घेत नाही आणि त्यांच्याकडून कमी कार्बनचा टोमॅटो मागतो, हे मला बरोबर वाटत नाही.

यंदा फॉर्म पाच प्रश्नांवर आणलाय. गोण्या किती, ड्रिप आहे का, पंप कशावर, मल्चिंगचं काय करता, किती माल फेकला. मामांनी खताच्या वहीचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, "आकडा जास्त निघाला तर माल घेनार ना तुमची कंपनी?"

याचं लेखी उत्तर आमच्या करारात नाही. म्हणून नव्या मसुद्यात मी एक ओळ घातलीये की माहिती दिली म्हणून कुणाचा माल नाकारला जाणार नाही. गुरुवारी त्यावर मीटिंग आहे. ती ओळ राहिली की मामांना फोन करेन, तोवर वहीचे फोटो माझ्याच मोबाईलमध्ये आहेत, एक्सेलमध्ये चढवलेले नाहीत.