सोसलं त्याचे पैसे मिळतात का?

बोटीवर जखमी होऊन परतलेला तारवटी, म्हणजे खलाशी, किंवा त्याची बायको गोव्यातल्या वास्कोच्या माझ्या ऑफिसात आली की हा प्रश्न येतोच: "वकीलबाई, इस्पितळाचं बिल कंपनीनं भरलं. पण ह्यांनी जे सोसलं त्याचं काय?"

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सरळच सांगते. भारतीय बोट असेल तर मोजणीची पद्धत १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानं घालून दिलेली; २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. अंगठा गेला की कमाईची ३० टक्के ताकद गेली, अख्खी तर्जनी गेली की १४. रात्रभर ठणकणाऱ्या हाताला त्यात रकाना नाही. युनियनच्या करारातही डॉक्टर अपंगत्वाचे टक्के लिहितो आणि तक्त्यातून रक्कम निघते. मात्र कंपनीच्या डॉक्टरचे टक्के पटले नाहीत तर बऱ्याच करारांत आपला डॉक्टर नेमता येतो, दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा. हे कलम वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

वेदनेचे पैसे हवेत तर मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो. त्यातही मेख आहे: भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज केला की त्याच दुखापतीसाठी दिवाणी दावा लावता येत नाही. म्हणून आधी विचार, मग अर्ज.

क्रूझवरची मुलं लगेच अमेरिकेचं नाव काढतात. तिथल्या १९२० च्या जोन्स ॲक्टखाली वेदनेचीही भरपाई मागता येते, हे खरं. पण परदेशी खलाशासाठी ती वाट अरुंद, आणि नोकरीच्या कागदात बहुधा लवादाचं कलम असतं, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी लवादापुढे न्यायचं. तो कागद आधी टेबलावर ठेवा, मायामीच्या कोर्टाच्या गोष्टी नंतर.

माझं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. आपले लोक बोटीवर दुखणं लपवतात. पुढचं काँट्रॅक्ट जाईल ही भीती, आणि ती खोटीही नाही. पाठीत कळ येत असताना गोळी घेऊन ड्युटी करतात. घरी आल्यावर एमआरआयमध्ये मणका सरकलेला दिसतो आणि समोरचा वकील विचारतो, एवढं दुखत होतं तर बोटीवर नोंद का नाही? उत्तर मला ठाऊक असतं. कोर्टाला मात्र कागद लागतो. तेव्हा कॅप्टनकडून अपघाताचा रिपोर्ट मागून घ्या, गोळ्यांच्या चिठ्ठ्या फेकू नका, झोप लागत नाही हे डॉक्टरला बोलून लिहायला लावा.

आणि "फुल अँड फायनल"च्या, म्हणजे सगळा हिशेब मिटला असं लिहून देणाऱ्या, कागदावर सही करण्याआधी दोन दिवस मागा. कंपनीचा माणूस फारच घाईत दिसला तर चार.